पिकअपचा डिझेल काटा दिवसा एक सांगतो, रात्री दुसरंच

कांदेवाला_१३

नमस्कार मंडळी. गाडी २००३ ची डिझेल पिकअप, बारा व्होल्टची. टाकी डाव्या अंगाला चेसिसला टांगलेली. वडिलांनी घेतलेली गाडी, इंजिनची अजून तक्रार नाही, पण डिझेलच्या काट्यानं डोकं फिरवलंय.

दिवसा टाकी फुल्ल केली की काटा एफच्या जरा अलीकडं थांबतो. तेवढं चालवून घेतो. संध्याकाळी लाईट लावले की तो हळूहळू घसरायला लागतो आणि पाव टाकीवर येऊन बसतो. मार्केट यार्डाच्या रांगेत ब्रेकवर पाय ठेवून उभा राहिलो तर थेट ई. लाईट बंद केले की पुन्हा चढतो. आणि हल्ली आणखी एक सुरू झालंय. टाकी अर्ध्यावर आली की दिवसासुद्धा काटा मधेच खाली जातो, थोडं अंतर गेलं की परत येतो.

किलोमीटर मोजून डिझेल टाकत होतो. पण लोड कमी-जास्त असला की ॲव्हरेजचा भरवसा राहत नाही. बार्शीकडून कांदा भरून येताना वडाळ्याच्या अलीकडं गाडी बंद पडली, टाकी कोरडी. कॅनमधून डिझेल आणून ओतलं तरी सुरू होईना, लाईनीत हवा धरलेली. फिल्टरवरचा हातपंप मारून अंगठा सुजला. यार्डात पोचेपर्यंत लिलाव संपला होता.

गॅरेजवाला म्हणतो टाकीतला फ्लोट (डिझेलवर तरंगणारा गोळा) गेला, फ्लोट-दांडीसकट नवीन युनिट टाका. दुसरा म्हणतो अख्खं मीटर बदला. मल्टीमीटर मात्र दोघांनीही बाहेर काढला नाही. माझ्याकडं साधा मल्टीमीटर आहे, पाने आहेत. खर्च करण्याआधी काय काय तपासू?

निवांत सोलापुरी

काटा काय बघलालास बे, टाकीत काठी घाल की! आमच्या आजोबाच्या ट्रकला काटाच नव्हता, हैदराबादपर्यंत जाऊन यायचे.

कांदेवाला_१३

काठी जात नाही हो. डिझेल भरायच्या नळीला बाक आहे, काठी मधेच अडते. वायर घालून बघितली तर तीही तळाला न जाता आडवी पडते.

जुना_पाना

काठी नकोच. लाकडाचा भुसा टाकीत पडतो आणि तोच पुढं फिल्टर चोक करतो. तळापर्यंत सरळ वाट असेल तर ॲल्युमिनियमची स्वच्छ पट्टी बरी. पण इथं तो प्रश्नच नाही.

माझं मत: २००३ ची गाडी आहे, युनिट मूळचंच असणार. वीस वर्षांत आतला ट्रॅक, म्हणजे फ्लोटच्या दांडीचं टोक ज्यावर घासत फिरतं तो, झिजतोच. गॅरेजवाला बरोबर सांगतोय, टाका नवीन आणि विषय संपवा.

वायरमन काका

थांबा जरा. फ्लोट गेलेला असू शकतो, पण फ्लोटला रात्र झाली हे कसं कळतं?

मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत ट्रक-टेम्पोचं वायरिंग करण्यात आयुष्य घातलं. मला आधी एवढं सांगा. लाईट लावल्यावर डिझेलचा काटा पडतो, तेव्हा शेजारचा टेंपरेचरचा काटाही हलतो का? मागचे लाईट नेहमीसारखे आहेत की मंद? आणि हल्लीच्या काळात हौद्याचं किंवा चेसिसचं काही काम केलंय का? किल्ली दिल्यावर काटा झटकन उडतो की सावकाश चढतो, तेही बघा. उत्तरं येईपर्यंत पाना हातात घेऊ नका.

कांदेवाला_१३

काका, धाकट्या भावाला मागं उभं करून बघितलं. टेललाईट मंदच आहेत. ब्रेक दाबला की ब्रेकचा लाल उजेड पिवळट येतो आणि टेललाईट आणखी मरतात. टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही, लाईट लावा नाहीतर बंद करा. किल्ली दिली की डिझेलचा काटा सावकाश चढतो.

हौदा पावसाळ्याच्या आधी नवीन करून घेतला. कारागिरानं चेसिसला घासून काळा रंगही मारून दिला, एकदम चकाचक.

वायरमन काका

त्या चकाचक रंगाखालीच तुमचं दुखणं आहे, असं मला वाटतं.

सावकाश चढणारा काटा म्हणजे आत तापून वाकणारी पट्टी आहे. किती करंट जातो त्यावर पट्टी तापते आणि तेवढा काटा चढतो. टाकीतला फ्लोट वर असला की युनिटचा रेझिस्टन्स कमी, करंट जास्त, काटा एफकडं. फ्लोट खाली गेला की उलट. हा करंट मीटरमधून निघतो, वायरनं टाकीपर्यंत जातो, युनिटमधून चेसिसला उतरतो आणि चेसिसवरून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. शेवटच्या या परतीच्या वाटेकडं कुणी बघत नाही. सगळे वायर बघतात.

टेंपरेचरचा काटा स्थिर आहे, म्हणजे मीटरचा फ्युज आणि मीटरमागं दोन्ही काट्यांना सारखा विजेचा दाब (व्होल्टेज) देणारा स्टॅबिलायझर, हे दोन्ही बरे आहेत. स्टॅबिलायझर बिघडला असता तर दोन्ही काटे एकदम वर गेले असते, नाहीतर एकदम पडले असते. मीटर बदला म्हणणाऱ्यानं शेजारचा काटा बघितलाच नाही.

राहिला मागचा भाग. पुष्कळ गाड्यांत टेललाईट, ब्रेकलाईट, इंडिकेटर आणि टाकीचं युनिट यांची अर्थ (चेसिसला जोडलेली परतीची वायर) एकाच बोल्टला येते. तो बोल्ट खोलून, रंग मारून, रंगावरच परत आवळला असणार.

ओहमकार

काकांच्या निदानाला आकड्यांचा आधार देतो.

मागचे दोन टेललाईट आणि नंबरप्लेटचा एक बल्ब, प्रत्येकी ५ वॅट धरले तर १५ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला सव्वा अँपियर. अर्थच्या जोडात गंज-रंगामुळं जेमतेम २ ओहम बसले, तरी त्या जोडावर दोनेक व्होल्ट पडतात. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब त्यात आले की करंट एकदम वाढतो आणि जोडावरचा दाब पाच-सहा व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. आता युनिटची अर्थही त्याच जोडाला आहे. युनिटचा खालचा पाय शून्यावर असायला हवा, तो दोन किंवा पाच व्होल्टवर उचलला जातो. काट्यातून जायला दाब कमी उरतो, करंट घटतो, काटा पडतो. दिवसा लाईट बंद असताना फक्त ते २ ओहम रस्त्यात येतात, म्हणून फुल्ल टाकीला काटा एफच्या जरा अलीकडं राहतो. सगळी लक्षणं एका जागी जुळतात.

एक सोडून. अर्ध्या टाकीला दिवसा मधेच पडणं यात बसत नाही. ते बाजूला ठेवू, आधी हे उरकू.

तपासणी सोपी आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. काळी वायर लांब करून थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, चेसिसला नाही. लाल टोक युनिटच्या अर्थच्या वायरीला. किल्ली चालू करून तीन वाचनं घ्या: लाईट बंद, टेललाईट चालू, टेललाईट अधिक ब्रेक. चांगल्या गाडीत तिन्ही वेळा आकडा शून्याजवळच राहतो.

मल्टीमीटरनं ओहम मोजून "अर्थ आहे" असं ठरवू नका. दोन-चार तारा शिल्लक असलेली वायरही ओहमवर छान दाखवते आणि करंट आला की बसते. लोड चालू ठेवून व्होल्ट मोजणंच खरं.

उन्हाळी_वारा

माझा अनुभव वेगळा आहे. सोलापूरच्या मे महिन्यात डिझेल तापून फुगतं, त्यामुळं काटा दुपारी वर आणि रात्री खाली. हे नॉर्मल आहे. उगीच वायरिंग उकलू नका.

ओहमकार

फुगतं हे खरं, पण किती ते बघा. डिझेलचं आकारमान एका अंशाला हजारात सुमारे ०.८ भागानं वाढतं. ५० लिटर डिझेल २० अंशांनी तापलं तरी फरक ८०० मिलिलिटरचा. त्यानं काटा एफवरून पावावर येत नाही. आणि लाईटचं बटण दाबल्यानं डिझेल थंड होत नाही!

उन्हाळी_वारा

बटणाचा मुद्दा मान्य.

टेक्सासकर

मूळचा भवानी पेठेतला, आता इकडं जुन्या पिकअपांचा नाद. एक सावधगिरी सांगतो, कारण नेटवर इंग्रजीतून शोधलं तर बहुतेक माहिती इकडच्या गाड्यांची मिळते आणि ती तिथं जशीच्या तशी लागू पडत नाही.

"टाकीची वायर काढून चेसिसला टेकवा, काटा एफला गेला तर मीटर चांगलं" असं काका लोक सांगतात, ते कमी ओहमला फुल्ल दाखवणाऱ्या गाडीसाठी. शेवरोलेच्या जुन्या पिकअपांत उलटं आहे: रिकामी ०, भरलेली ९० ओहम. तिथं वायर टेकवली तर काटा ई, आणि वायर सुटली तर एफच्याही पलीकडं. फोर्डच्या जुन्या गाड्यांत रिकामी ७३ आणि भरलेली १० च्या आसपास. युरोपातल्या बऱ्याच युनिटांत रिकामी १० आणि भरलेली १८०. जपानी वळणाच्या गाड्यांत साधारण ११० ते ३. म्हणून आधी आपली गाडी कुठल्या वळणाची आहे ते बघायचं. टाकीजवळचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढल्यावर काटा कुठं जातो, एवढ्यावरून कळतं.

इकडं काही पिकअपांना दोन टाक्या असायच्या आणि डॅशबोर्डवर टाकी बदलायचं बटण. त्या गाड्यांत निम्म्या वेळा दोष काट्यातही नसतो, युनिटमध्येही नसतो, त्या बटणात असतो. तुम्हाला ती भानगड नाही, सुखी आहात.

वायरमन काका

टेक्सासकरांचं बरोबर. त्यात एक भर: तापणाऱ्या पट्टीच्या मीटरला वायर थेट चेसिसला टेकवून धरून ठेवू नये. काटा एफच्या पुढं जाऊन आतली वळी जळते. मधे १० ओहमचा रेझिस्टर घाला. तोही नसेल तर क्षणभर टेकवून काटा उचलतोय एवढं बघायचं आणि सोडायचं.

मुक्ता_मोहोळ

मध्येच विचारते, क्षमस्व. आमची दुधाची छोटी पेट्रोल गाडी आहे, काटा कायम फुल्ल. टाकी संपत आली तरी फुल्ल. हे त्याच्यातलंच का? मेकॅनिक दादा म्हणाले मीटर अडकलंय.

ओहमकार

मुक्ताताई, किल्ली बंद केल्यावर काटा खाली येतो का? येत असेल तर मीटर अडकलेलं नाही. मग, गाडी कमी ओहमला फुल्ल दाखवणारी असेल तर, टाकीजवळचा कपलर काढून किल्ली द्या. काटा ईला गेला तर वायर आणि मीटर बरं, दोष युनिटमध्ये: दांडी अडकलेली किंवा आत शॉर्ट. कपलर काढल्यावरही फुल्लच राहिला तर मीटरपासून टाकीपर्यंतची वायर कुठंतरी घासून चेसिसला लागलीय. टाकीजवळ कपलर काढला की दोष पुढच्या अर्ध्यात आहे की मागच्या, ते ठरतं. अंदाजावर काही बदलू नका.

पण तुमची गाडी पेट्रोलची आहे. कपलर बाहेरून काढण्यापर्यंत ठीक, आणि तोही किल्ली बंद करूनच काढा-घाला. युनिट टाकीतून बाहेर काढायची वेळ आली तर घरी करू नका. पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते. डिझेल पेट्रोलइतक्या सहज पेट घेण्याजोगी वाफ सोडत नाही, म्हणून वरच्या चर्चेत आम्ही जरा मोकळेपणानं बोलतोय.

कांदेवाला_१३

वाचनं घेतली. लाईट बंद: ०.१५ व्होल्ट. टेललाईट चालू: २.३. ब्रेक दाबून: ५.६. तिसरा आकडा बघून भाऊ म्हणाला मल्टीमीटर बिघडला.

बोल्ट सापडला. डाव्या चेसिसवर, मागच्या पाट्याच्या कंसाजवळ. तीन वायरींची थिंबलं (टोकाच्या धातूच्या कड्या) एकावर एक, त्याखाली काळा रंग, त्याखाली गंज. एक थिंबल हातात आलं, त्यात तारा चारपाचच राहिल्या होत्या.

आता इथंच घासून परत आवळू की बॅटरीपासून नवी वायर ओढू?

जुना_पाना

मागं युनिट बदला म्हणालो होतो. हे आकडे बघता आधी अर्थ करा.

नवी वायर ओढा पण, सरळ बॅटरीपासून. चेसिसवर भरवसा नको.

वायरमन काका

चेसिसनं काय घोडं मारलंय? बॅटरीपासून चेसिसला येणारा जाड पट्टा चांगला असेल तर चेसिसएवढी जाड वायर तुम्हाला बाजारात मिळणार नाही. बॅटरीपासून मागपर्यंत एकटी वायर नेली तर ती चार ठिकाणी घासणार. जोड नीट करा, वायर नको.

बोल्ट पूर्ण काढा. त्या जागेचा रंग चांगला नाणं मावेल एवढा घासून पांढरं लोखंड दिसू द्या. थिंबलं नवी, दाबून बसवलेली. ज्याच्या तारा तुटल्यात ती वायर मागं कापून ताज्या तांब्यावर या. दात्यांचा वायसर चेसिस आणि थिंबलाच्या मध्ये. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग. आधी ग्रीस आणि मग आवळणं हे उलटं काम. आणि युनिटची अर्थ लाईटपासून वेगळी करा, वीतभर अंतरावर दुसऱ्या बोल्टला. उद्या लाईटचा जोड पुन्हा गंजला तरी काट्याला त्याचा त्रास नको.

बॅटरीचा पट्टाही त्याच दमात बघून घ्या. गिअरबॉक्सला जाणारा आणि चेसिसला जाणारा, दोन्ही.

निवांत सोलापुरी

काका, तुम्ही शिकवणी काढा. पूर्व भागातली अर्धी पोरं येतील, उरलेली चहाला येतील.

कांदेवाला_१३

काकांनी सांगितलं तसंच केलं. लाईटची अर्थ जुन्या जागी, युनिटची वेगळी. आता टेललाईट अधिक ब्रेक लावून ०.१ व्होल्ट. टेललाईट असे लागतात की मागच्यानं डोळे मिटावेत. रात्री विजापूर रोडनं मंद्रूपपर्यंत जाऊन आलो, काटा जागचा हलला नाही. फुल्ल टाकीला एफवर जातोय.

अर्ध्या टाकीचं नाटक मात्र चालूच आहे. अर्ध्यावर आला की खाली पडतो, खड्डा लागला की परत येतो.

ओहमकार

हा दुसरा दोष, आणि हा युनिटमधलाच असावा. ट्रॅक सगळीकडं सारखा झिजत नाही. तुम्ही टाकी बहुतेक अर्धी ठेवूनच फिरवत असाल, म्हणून दांडीचं टोक त्याच जागी जास्त घासलं गेलं. तिथं संपर्क सुटतो, रेझिस्टन्स अनंत होतो, काटा ईकडं निघतो. खड्ड्यानं टोक हललं की संपर्क परत येतो. काटा सावकाशीचा असल्यामुळं तुम्हाला तो झटका न दिसता घसरण दिसते.

युनिट बाहेर काढून दांडी हातानं हळू फिरवा आणि ओहम बघा. आकडा गुळगुळीत वाढला-घटला पाहिजे.

वायरमन काका

काढण्याआधी: बॅटरीचा निगेटिव्ह उतरवा. टाकी पावाच्या खाली असू द्या. डिझेल लिटरला ८०० ग्रॅमच्या वर भरतं, वीस लिटर राहिलं तर टाकीच्या वजनाशिवाय सोळा-सतरा किलो. तुमच्या हौद्याखाली वरून हात जाणार नाही, पट्टे ढिले करून टाकी थोडी खाली घ्यावी लागेल. खाली जॅक आणि फळी. सगळ्यात महत्त्वाचं, युनिटभोवतीची माती हवेनं उडवून फडक्यानं पुसल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नका. ती माती टाकीत पडली तर काट्याचं काम पंप-नोझलवर जाईल. युनिट तिरकं करून काढा, ओढू नका, दांडी वाकते.

फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत डिझेल खळखळलं तर भोक आहे, तो बुडून बसतो.

कांदेवाला_१३

काढलं. टाकी खाली घेणं हेच खरं काम, बाकी पाच स्क्रू.

फ्लोट चांगला, हलका, आवाज नाही. दांडी सरळ. ओहम: वर ५, खाली १०८. मधे चाळीसच्या पुढं गेलं की स्क्रीनवर काहीच नाही, जरा पुढं सरकवलं की एकदम ५५. डोळ्यांनाही दिसतंय, बारीक तारेच्या वेटोळ्यांवर तिथं खोलगट चकचकीत पट्टा पडलाय.

आता पर्याय काय? दांडीचं टोक किंचित वाकवून शेजारच्या न झिजलेल्या तारेवर घेता येईल असं एकानं सांगितलं.

जुना_पाना

येतं. अशी चालवलीय मी. पण तार आधीच बारीक असते, नव्या जागी तुटली की संपलं. रस्त्यात गरज पडली तर करा. टाकी खाली घेऊन बसलाच आहात तर नवीन टाका. हेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, नोंद असावी.

वायरमन काका

नोंद घेतली! पण पहिल्या दिवशी नवीन टाकलं असतं तर रात्री काटा पडतच राहिला असता, आणि त्यानं दुकानदाराला शिव्या देऊन युनिट परत केलं असतं. दोष दोन असले की क्रमाला किंमत येते.

युनिट घेताना डबीवरच्या नावावर जाऊ नका. जुनं सोबत न्या. दांडीची लांबी, वाक, टाकीच्या झाकणापासून तळापर्यंतची खोली आणि दोन्ही टोकांचे ओहम जुळले पाहिजेत. दुकानातच मल्टीमीटर लावून दांडी फिरवून बघा. अस्सल दुकानदार हरकत घेत नाही.

आणि टाकीत बसवण्याआधी बाहेरच चालवून बघा. कपलर लावा, वायरनं अर्थ द्या, टाकीच्या तोंडापासून लांब धरा, किल्ली द्या. दांडी खाली, मधे, वर. काटा प्रत्येक वेळी सावकाश जाईल, मिनिटभर थांबत जा. पुन्हा टाकी उतरवायची वेळ येत नाही.

कांदेवाला_१३

दुसऱ्या दुकानात जुळलं. पहिल्या दुकानातलं दिसायला तेच होतं, पण दांडी वर केली की ओहम वाढत होते, म्हणजे टेक्सासकर म्हणाले तसं उलट्या वळणाचं. ते बसवलं असतं तर टाकी भरल्यावर रिकामी दिसली असती. युनिटवर अर्धवट पुसलेला दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा शिक्का होता.

बाहेर लावून बघितलं: खाली ई, मधे अर्ध्याच्या जरा वर, वर एफ. पॅकिंग नवीन टाकलं. जुनं कॉर्कचं होतं, काढताना त्याचे तुकडे झाले.

टेक्सासकर

मधला काटा जरा वर दिसतोय त्याची काळजी नको. टाकी तळाशी अरुंद किंवा पायरीची असेल तर फ्लोट निम्म्या उंचीवर आणि डिझेल निम्मं, असं जुळतच नाही. एकदा टाकी जवळजवळ रिकामी असताना पाच-पाच लिटर टाकत काट्याच्या खुणा करून ठेवा. हा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात राहू द्या.

उन्हाळी_वारा

पाच-पाच लिटर पंपावर टाकणार, आणि पंपच कमी देत असेल तर? खुणाच चुकतील.

मुक्ता_मोहोळ

पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं, आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. आम्ही मागतो. पहिल्यांदा कपाळाला आठ्या घालतात, मग आणतात.

कांदेवाला_१३

ताईंचं ऐकलं, माप मागितलं, पाच लिटर बरोबर निघाले. खुणा केल्या: पहिल्या दहा लिटरला काटा ईवरून जेमतेम उचलतो, त्यानंतर झपाट्यानं चढतो, वरच्या टोकाला पुन्हा आळशी. म्हणजे ईला टेकला तरी थोडं उरतं, पण त्यावर मी जाणार नाही.

तुळजापूर घाटात चढाला काटा थोडा हलतो आणि वर सपाटीला आलं की जागेवर येतो. हे चालेल ना?

वायरमन काका

चालेल. चढाला डिझेल मागं जातं, फ्लोट त्याच्याबरोबर. आडवे पत्रे आत असले तरी लांबट टाकीत तेवढं होणारच. टाकी एकदा गळ्यापर्यंत भरून घाटातून आलात की युनिटच्या भोवती हात फिरवून बघा. पॅकिंग पाझरत असेल तर तेव्हाच कळतं. पाझरलं तर स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकच आवळत बसू नका.

मुक्ता_मोहोळ

आमचंही सापडलं. किल्ली बंद केल्यावर काटा खाली येत होता, म्हणजे मीटर अडकलेलं नव्हतं. कपलर काढला तरी फुल्ल, म्हणून दादांना सांगितलं की टाकीला हात लावू नका, पुढची वायर बघा. मागच्या पाट्याच्या वर लूमची (वायरींच्या जुडग्याची) पट्टी तुटून वायर चेसिसच्या कडेला घासत होती, आतलं तांबं उघडं पडलं होतं. त्यांनी तेवढा तुकडा नवा जोडून नळी चढवली. कपलर लावल्यावर काटा पावावर आला आणि टाकीत खरंच तेवढंच पेट्रोल होतं.

कांदेवाला_१३

पाझर नाही. फुल्ल टाकीनं तुळजापूर करून आलो, हात कोरडा.